गादीत खोट नव्हती

“आई, धाकटी कुठंय?”

सुनेनं आतून विचारलं तेव्हा काकू दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून अंगावरचा कापूस झटकत होत्या. उन्हं कलली होती. समोरच्या इस्त्रीवाल्यानं आपली इस्त्री उभी करून ठेवली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना न मागता सल्ले देण्याच्या संध्याकाळच्या धंद्याला तो लागला होता.

“असेल तिथंच. नीट बघ.”

“नीटच बघतेय. थोरली आहे, मधली आहे. धाकटी नाही.”

या थोरली-मधली-धाकटी म्हणजे कुणी लेकीबाळी नव्हेत, गाद्यांना टाके घालायच्या लांब सुया. दुकान थाटलं तेव्हा काकांनीच त्यांची ही नावं ठेवली होती. थोरली हातभर, मधली तिच्याहून जराशी आखूड, आणि धाकटी तान्ह्या बाळांच्या गाद्यांसाठी, बारीक आणि तल्लख. भिंतीवर जाड लोकरी कापडाचा एक तुकडा ठोकला होता. काम झालं की तिघींना तिथं शेजारी शेजारी टोचून ठेवायचं. तिघी घरी आल्याशिवाय दुकानाचं दार लावायचं नाही, हा काकांचा नियम. कापसात हरवलेली सुई कधी डोळ्यांना सापडत नाही, ती कुणाच्या तरी पाठीलाच सापडते, असं ते म्हणत. काका जाऊन दोन हिवाळे झाले, पण नियम अजून होता.

दोघींनी मिळून दुकान पालथं घातलं. कापसाचा ढीग चाळला, खोळींच्या घड्या उलगडल्या, शिवणयंत्राखाली हात फिरवला. मग काकू मध्येच थांबल्या.

आज धाकटीला काम एकच होतं. दुपारी एक तरुण मास्तर आपल्या तान्ह्या मुलीची गादी काखेत मारून हसत हसत घेऊन गेला होता. काकूंनी त्या गादीचा शेवटचा टाका आठवायचा प्रयत्न केला. आठवेना. गाठ मारल्याचं आठवेना. सुई काढून भिंतीशी गेल्याचं तर मुळीच आठवेना. आठवत होता तो एक हिसका, मान पुढे कलंडून दचकून जाग आली होती तेव्हाचा.

“चल,” त्या म्हणाल्या.

“कुठं?”

“मास्तराच्या घरी. चपला घाल, उभी काय राहिलीस!”

घर काकूंच्या ओळखीचं होतं. त्या मास्तराच्या आईच्या लग्नातल्या गाद्या त्यांनीच भरल्या होत्या. तेव्हा गादी विकत आणायची नसे, भरून घ्यायची असे. घरातली बाई समोर बसून कापूस हातात घेऊन बघायची, “जरा अजून घाला हो,” म्हणायची, आणि गादी तयार झाली की तिथंच त्यावर हात फिरवून खूश व्हायची. त्या दिवसांत काकूंना एकेक गादी कुणाच्या घरी गेली आणि तिच्यावर कोण निजतं हे पाठ असायचं. आज वाटेनं त्यांना एकच गादी दिसत होती आणि तिच्यावर कोण निजलं असेल हेही दिसत होतं. गुडघे कुरकुरत होते, तरी सुनेला त्यांच्यामागून जवळजवळ पळावं लागलं.

दार मास्तरानंच उघडलं. “अरे, काकू! या की. गादी झकास झालीय. आमची बया आत्ताच झोपली बघा तिच्यावर.”

“तिला उचला.”

“अहो, आत्ता कुठं डोळा लागलाय,” आतून बाळाची आई दबक्या आवाजात म्हणाली.

सुनेनं सारवासारव करायला तोंड उघडलं. “ते काय झालं, खोळीचा एक टाका जरा...”

“सुई राहिलीय गादीत,” काकू म्हणाल्या. “आधी पोर उचला. मग मला काय बोलायचं ते बोला.”

बाळाच्या आईनं झडप घालून मुलीला उचललं. पोरीनं टाहो फोडला. काकू जमिनीवर बसल्या, डोळे मिटले आणि तळहात गादीवरून सरकवू लागल्या. उघड्या डोळ्यांनी कापूस कळत नाही. मधला भाग स्वच्छ होता. पायाकडची कड स्वच्छ होती. उशाकडच्या कोपऱ्यात हात थबकला. त्यांनी कमरेची कात्री काढून शिवण उसवली आणि कापसातून धाकटीला बाहेर ओढलं. टोक आतल्या बाजूला, पोर निजली होती तिकडे होतं.

मुलीच्या अंगावर ओरखडाही नव्हता. आईनं तिला दिव्याखाली नेऊन पुढून मागून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि मग ती स्वतःच रडायला लागली.

मास्तर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळूच म्हणाला, “काकू, तुम्ही झोपेत शिवता का हो?”

काकूंनी उसवलेली कड हातानं मिटली. “गादी नेते. पुन्हा भरून देते,” एवढंच त्या म्हणाल्या.

“गादी न्या,” बाळाची आई म्हणाली. “द्यायचं नंतर बघू.”

ती वीतभर जाडीची इवलीशी गादी घेऊन दोघी गल्लीत शिरल्या तसा इस्त्रीवाला ओरडला, “का हो काकू, माल परत? टोचली की काय बाळाला?” आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसला. त्या दोघी काही हसल्या नाहीत. तो बिचारा रात्रीपर्यंत आपलं काय चुकलं याचा विचार करत बसला.

घरी आल्यावर सुनेनं पाणी दिलं. काकू ते प्यायल्या नाहीत. त्यांनी धाकटी तिच्या हातावर ठेवली.

“ही तुझ्याकडे राहू दे. थोरली-मधलीसुद्धा. माझ्या हाताचा आता भरवसा नाही.”

“आई, एकदा चुकलं म्हणून काय...”

“एकदा चुकलं नाही. एकदा सापडलं.” काकू भिंतीला टेकून बसल्या. “मी झोपत नाही गं.”

“आज झोपला नाहीत?”

“आज, काल, परवा. हे गेल्यापासून. खरं सांगायचं तर त्याच्याही आधीपासून.”

सून बघत राहिली. तिला वाटे, आईंना दिवे लागले की पलंगावर पडायची आवड आहे. आणि गादीचं वेडही आहे. गेल्या दोन वर्षांत काकूंनी स्वतःची गादी कितीदा उसवली आणि कितीदा भरली याला गणती नव्हती. एकदा कापूस जुना झाला म्हणून, एकदा नवा कापूस फार ताठ म्हणून, एकदा खोळीचं कापड कानाशी चरचरतं म्हणून. दोघांची होती ती कापून एकाची केली, मग तीत अंग मावत नाही म्हणून पुन्हा जोड दिला. सुनेला वाटलं, सासऱ्यांच्या मागं वेळ जात नाही, करतायत काहीतरी. पण सुताराच्या घरात वारा शिरला की त्याला चौकटच वाकडी दिसते. काकूंना झोप येत नव्हती, म्हणून त्यांना गादीतच खोट दिसत होती.

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? दुकानाच्या पाटीवर लिहिलंय, ‘पडल्या पडल्या झोप’. आणि मालकीण टक्क जागी. लोक काय म्हणतील?” त्यांनी सुनेच्या हातातल्या धाकटीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “वयात आल्यापासून सुई धरलीय. ती सोडली तर मी करू काय? पण त्या पोरीच्या डोळ्याला लागली असती तर?”

दुसऱ्या दिवशी सुनेनं दुकानाला कुलूप लावलं आणि त्यांना दवाखान्यात नेलं. काकूंची अपेक्षा होती की एक गोळी मिळेल आणि सुटका होईल. डॉक्टरीणबाई त्यांच्या मुलीच्या वयाची होती आणि प्रश्न मात्र सासूसारखे विचारत होती.

“पलंगावर कधी पडता?”

“जेवण झालं की. लवकर पडलं तर कधीतरी लागेल, म्हणून.”

“आणि उठता कधी?”

“लागली झोप तर उठणार ना! उजाडेपर्यंत लोळते. कधी पहाटे डोळा लागतो, मग उन्हं येईपर्यंत पडून राहते.”

“दिवसा डुलकी?”

“छे छे,” काकू म्हणाल्या.

“कापसाच्या ढिगावर,” सून म्हणाली. “जेवल्यावर. आणि चारच्या चहाआधी.”

“ती काय झोप आहे? ते नुसतं डोळे मिटणं.”

“चहा किती होतो?”

यावर सासू-सुनेनं एकमेकींकडे पाहिलं आणि दोघीही छताकडे बघायला लागल्या.

डॉक्टरीणबाई हसली. “काकू, एखादं मूल दिवसभर बिस्किटं खात राहिलं आणि जेवायला बसल्यावर भूक नाही म्हणालं, तर तुम्ही काय कराल?”

“बिस्किटांचा डबा वर ठेवीन.”

“मग तेच करायचंय. तुमच्या दिवसभराच्या डुलक्या म्हणजे ती बिस्किटं. आणि रात्री भूक नसताना तुम्ही तासन् तास पानावर बसून राहता. बरं, पडल्यावर जागेपणी करता काय?”

काकूंनी हाताची घडी घातली. “ऐकते.”

“काय ऐकता?”

काकूंनी पदर सावरला. सुनेला वाटलं, आता या उठून चालू लागतील.

“यांचा श्वास,” काकू म्हणाल्या. “झोपेत मध्येच थांबायचा. शेवटची तीन-चार वर्षं. मी हलवलं की पुन्हा सुरू व्हायचा. म्हणून ऐकत पडायची. माझा डोळा लागला आणि तेवढ्यात थांबला तर? आता ऐकायला काही नाही, ते मलाही कळतं. मी वेडी नाही. पण पाठ टेकली की कान उभे राहतात.”

डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं. “तुमच्या गादीत खोट नाही, काकू. तुमच्या शरीरानं धडा चांगला पाठ केलाय. पलंग म्हणजे पहारा, असा. आता त्याला नवा धडा शिकवायचा. पलंग म्हणजे झोप. आणि झोप नसेल तर पलंग नाही.”

मग तिनं सांगितलं ते ऐकायला फार सोपं होतं. रात्र कशीही जावो, सकाळी रोज ठरल्या वेळेला उठायचं आणि बाहेर उजेडात फिरून यायचं. दिवसा आडवं व्हायचं नाही. दुपारनंतर चहा नाही. रात्री डोळ्यांवर झापड आल्याशिवाय पलंगाकडे जायचं नाही, आणि पडून झोप येत नाहीसं वाटलं की उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्याशी काहीतरी कंटाळवाणं काम करत बसायचं. झापड आली की पुन्हा पडायचं. घड्याळ नजरेआड ठेवायचं. रक्त तपासायला दिलं, गोळीचं नंतर बघू म्हणाली.

“आणि एक सांगून ठेवते,” ती म्हणाली. “पहिले काही दिवस आतापेक्षाही वाईट जातील. तेव्हा मला शिव्या द्या, पण सोडू नका. अन् तोवर सुई हातात घेऊ नका.”

“ती मी आधीच ठेवलीय,” काकू म्हणाल्या.

रस्त्यात त्या सुनेला म्हणाल्या, “झोप येत नाही म्हणून गेले, तर बाई म्हणते कमी झोप. पाण्यात बुडणाऱ्याला अजून चार तांबे पाणी!”

पण काकू शब्दाच्या पक्क्या. त्यांनी एकदा हो म्हटलं होतं. सून त्यांच्यावर शिपाई झाली. तिनं कापसाचा ढीग मागच्या खोलीत नेऊन दाराला कडी घातली. घड्याळ काढून स्वयंपाकघरात लावलं. दुपारी चहाची पातेली पालथी घातली. जेवणानंतर काकूंच्या मानेनं झोका घ्यायला सुरुवात केली की ती दारातून हाक मारी, “अहो भाऊ, या जरा!” की इस्त्रीवाला हजर. त्याला एवढंच सांगितलं होतं, आईंना दुपारी झोपू द्यायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला आपण होऊन बोलायला बोलावलं होतं. तो जीव ओतून बोले.

“काकू, मला विचाराल तर झोपेचं तंत्र वेगळंच आहे. मी उभ्या उभ्या झोपतो.”

“म्हणूनच गिऱ्हाइकांचे कपडे जळतात.”

“एकदाच जळला! आणि ती बाही होती, अख्खा सदरा नाही. बरं, कोमट दूध घेऊन पाहिलंत?”

“पाहिलं.”

“उलटे आकडे म्हणून पाहिलेत?”

“पाहिले. शून्य आलं, झोप नाही आली.”

“मग एकच उपाय राहिला. माझ्या सासऱ्यांचं बोलणं ऐका. माणूस आजारी असो, निरोगी असो, आडवाच होतो.”

काकूंना हसू येई आणि दुपार टळे. पण रात्री टळत नव्हत्या. मंद दिव्याशी बसून त्या कापसातली कसपटं निवडत. एवढा निवडून ठेवलेला कापूस दुकानात कधी नव्हता. पडत, उठत, पुन्हा पडत. सकाळी सून उठवी आणि त्या डोळे चोळत गल्लीच्या टोकाशी असलेल्या बागेपर्यंत जाऊन येत. हात थरथरत. एक दिवस दुधाचं भांडं कलंडलं. एक दिवस त्यांनी एका जुन्या गिऱ्हाइकाला ओळखलंच नाही. तो गेल्यावर त्या म्हणाल्या, “ही कसली बाई, हा कसला इलाज! होतं तेवढंही गेलं.” मालगाडीवर नोकरीला असणारा काकूंचा मुलगा दोन दिवसांसाठी घरी आला, त्यानं आईचा चेहरा बघितला आणि बायकोला म्हणाला, “अगं, झोपू दे की तिला, कधी येईल तेव्हा!” यावर दोघीही त्याच्यावर एकदम तुटून पडल्या.

त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. मुलगा गाडीवर निघून गेला होता. सकाळची वेळ, सून यंत्रावर खोळ शिवत होती आणि काकू समोर बसून दोरा गुंडाळत होत्या. यंत्राची टिकटिक मंद झाली. काकूंनी वर बघितलं तर शिवण रेघ सोडून भलतीकडेच चालली होती. सुनेची हनुवटी छातीला लागली होती.

“अगं ए! बोट घालशील सुईखाली!”

सून दचकली. तिनं यंत्र थांबवलं आणि जांभई दाबली. ती काही दाबली गेली नाही.

“नियम मला लावलेत,” काकू म्हणाल्या. “तू का पेंगतेस?”

“काही नाही.”

“काही नाही कसं? डोळ्यांखाली बघ काय झालंय.”

सुनेनं वाकडी शिवण उसवायला घेतली. खाली बघतच ती म्हणाली, “तुम्ही उठता ना रात्री. मग मलाही जाग येते.”

“मी आवाज करते?”

“नाही. आवाज आला तर वाटतं, पडल्या की काय. आणि आवाज आला नाही तर...”

“तर?”

“तर जास्तच ऐकते. श्वास येतोय का ते. कधी कधी उठून तुमच्या दाराशी येते.”

काकूंच्या हातातलं दोऱ्याचं बंडल तसंच राहिलं. “हा इलाज सुरू झाल्यापासून?”

“नाही हो.” सुनेनं एक टाका उसवला. “बाबा गेल्यापासून.”

रस्त्यावरून भाजीची गाडी गेली. इस्त्रीवाला कुणाशी तरी भांडत होता. काकूंना ते काहीच ऐकू आलं नाही. हा रोग घरात कुठून शिरतो ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तो मायेच्या वाटेनं येतो, म्हणून त्याला कुणी दार लावत नाही. आपण एकीकडे कान लावून पडलो होतो, आणि भिंतीपलीकडे ही पोर आपल्याकडे कान लावून पडली होती. वय ते काय तिचं! अजून आपल्याएवढं व्हायला किती वर्षं जायची, आणि तेवढी वर्षं ही अशीच काढणार?

“आजपासून मधलं दार लावून झोपायचं,” काकू म्हणाल्या.

“आणि तुम्हाला काही झालं तर?”

“हाक मारीन. माझा आवाज गल्लीच्या टोकाला जातो. लग्न होऊन आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ऐकतेयस.”

“आणि हाक मारता आली नाही तर?”

याला गोड उत्तर देता आलं असतं. काकूंनी दिलं नाही.

“तर तू जागी असूनही काही झालं नसतं,” त्या म्हणाल्या. “मी जागी होते, पोरी. हे गेले तेव्हा मी टक्क जागी होते. हात माझ्या हातात होता. डोळा लागला नव्हता, डुलकी नव्हती, काही नव्हतं. इतकी वर्षं ज्याच्यासाठी जागले ती घटका आली तेव्हा मी जागी होते. आणि गेलेच की ते.”

हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही. सुनेची समजूत घालायला म्हणून काढलेले शब्द त्यांच्याच कानांत शिरले आणि तिथं बसले.

सून उठून त्यांच्याजवळ येऊन बसली. 

“मग दार लावायचं?” सुनेनं विचारलं.

“लावायचं. आणि कडीही घालायची. तुझा काही नेम नाही.”

एकाच रात्रीत काही झालं नाही. झोप काही हाकेच्या अंतरावर उभी नसते. पण त्या रात्री काकू मंद दिव्याशी कापूस निवडत बसल्या तेव्हा त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली, की त्या काही ऐकत नव्हत्या. नुसत्या बसल्या होत्या, कंटाळल्या होत्या, आणि पापण्या जड होत होत्या. मधलं दार बंद होतं. पलीकडे ती पोर झोपली असेल, नसेल, तिचं ती बघेल. त्या उठल्या आणि आडव्या झाल्या. मध्ये जाग आली, पुन्हा लागली. हळूहळू कसपटं निवडायचा कापूस उरायला लागला. सकाळी बागेकडे जाताना पायांत ओझं वाटेनासं झालं. पुढच्या फेरीला मुलगा घरी आला आणि सकाळी तोंड धुताना ओरडला, “आई, तू काय घोरतेस गं! भिंत हलत होती!” काकूंनी तोंड वाकडं केलं आणि दिवसभर ते वाक्य जो भेटेल त्याला सांगितलं.

डॉक्टरीणबाईनं दुसऱ्या खेपेला त्यांना समोर हात धरायला लावले. हात स्थिर होते. रक्तात काही निघालं नव्हतं. “आता रात्री थोडं लवकर पडलात तरी चालेल,” ती म्हणाली. “सकाळ मात्र हलवायची नाही.”

“आणि सुई?”

“ते तुमचं तुम्ही ठरवा.”

काकूंनी ठरवलं नाही, सुनेनं ठरवलं. एका दुपारी तिनं काही न बोलता धाकटी आणून त्यांच्यापुढे ठेवली, आणि शेजारी मास्तराची ती गादी. काकूंनी ती पूर्ण उसवली. कापूस बाहेर काढला, नवा निवडून ठेवलेला भरला. एकेक टाका घातला की तो मोठ्यानं सांगायचा आणि सुनेनं ‘हं’ म्हणायचं, असं दोघींनी ठरवलं. शेवटची गाठ मारून काकू उठल्या, भिंतीशी गेल्या आणि तिघींना ओळीनं टोचून आल्या. मगच त्यांनी पाणी मागितलं.

निरोप पाठवल्यावर बाळाची आई एकटी आली. तिनं पिशवी खाली ठेवली, गादी पुढे ओढली आणि सगळ्यांच्या देखत तिच्यावरून हात फिरवायला सुरुवात केली. सुनेला ते लागलं. काकूंनी तिला नजरेनंच गप्प केलं.

“डोळे मिटून बघा,” त्या बाळाच्या आईला म्हणाल्या. “उघड्या डोळ्यांनी कळत नाही. कडांना जास्त वेळ द्या.”

तिनं डोळे मिटले. सगळ्या कडा, चारी कोपरे, पालथी घालून पुन्हा सगळं. काकू शेजारी बसून राहिल्या. मग ती उठली, गादीची सुरळी केली आणि दारात वळून म्हणाली, “तेव्हा आला नसतात तर आम्हाला कळलंही नसतं.” आणि गेली.

त्यानंतर थोड्या दिवसांनी एका सकाळी काकू नेहमीच्या वेळेला उठल्या, सुनेनं मधलं दार उघडलं आणि दोघी फिरायला म्हणून बाहेर पडल्या. बघतात तर गल्ली ओलीचिंब. जागोजागी बादल्या, हंडे, पातेली. इस्त्रीवाल्याच्या टपरीत विटांवर विटा रचलेल्या आणि वर कपड्यांची गाठोडी. लोक पायऱ्यांवर बसले होते, सगळ्यांचे डोळे तांबारलेले.

“हे काय झालं?” काकूंनी विचारलं.

इस्त्रीवाला त्यांच्याकडे बघतच राहिला. “काय झालं? काय झालं म्हणून विचारता? अहो, पाण्याची मोठी नळी फुटली! कारंजं उडालं छपरापर्यंत! अख्खी गल्ली रस्त्यावर होती, पोरंबाळं रडत होती, बंबवाले घंटा वाजवत आले. मी तुमचं दार बडवलं. तुम्ही होतात कुठं दोघी?”

काकूंनी सुनेकडे पाहिलं. सुनेनं काकूंकडे पाहिलं. तिच्या गालावर अजून उशीची वळी उमटलेली होती.

“मी नाही ऐकलं,” सून म्हणाली.

“मीही नाही,” काकू म्हणाल्या.

“माणसं आहात की लाकडाचे ओंडके!”

अशी बोलणी काका रोज सकाळी खायचे. तरुणपणी त्यांची झोप अशीच होती, शेजारी आग लागली तरी कळायचं नाही. चहा घेताना विचारायचे, “काय गं झालं रात्री?” आणि काकू सगळं सांगायच्या. कोण कधी आलं, कुणाचं मूल रडलं, कुठं कुत्री भांडली. ते बशी हातात धरून ऐकायचे, डोळे ताजे, चेहरा लहान मुलासारखा. ऐकताना त्यांना इतकं कसलं सुख होतं ते काकूंना तेव्हा कधी कळलं नव्हतं.

त्यांनी इस्त्रीवाल्याचं ओलं स्टूल हातानं पुसलं आणि त्यावर बसल्या.

“सांग,” त्या म्हणाल्या. “पहिल्यापासून सांग. आधी कुणाला कळलं?”